अमेरिकेची पश्चिमेची वाट पाहायला कुठे जावं: सेंट लुईस, बीॲट्रिस की फोर्ट लॅरमी?

नायगारा झाला, ग्रँड कॅन्यन झालं, यलोस्टोनही झालं. आता एकोणिसाव्या शतकात लाखो माणसं मिसिसिपी ओलांडून पश्चिमेकडे का आणि कशी गेली, हे प्रत्यक्ष त्या जमिनीवर उभं राहून पाहायचंय. मुलांनाही दाखवायचंय. पण सुट्टी जेमतेम तीन-चार दिवसांची. अशा वेळी तीन ठिकाणांमध्ये निवड करावी लागते: मिसुरीतलं सेंट लुईस, नेब्रास्कातलं बीॲट्रिस आणि वायोमिंगच्या सीमेवरचा फोर्ट लॅरमीचा पट्टा. पहिल्या आणि तिसऱ्या ठिकाणात 800 मैलांहून जास्त अंतर आहे, त्यामुळे एका फेरीत सगळं होत नाही.

माझं मत आधीच सांगते. एकच जागा निवडायची असेल तर फोर्ट लॅरमीला जा. जमीन मिळवायला निघालेले आणि जमीन गमावलेले, दोघांचाही इतिहास तिथे एकाच नदीकाठी दिसतो. बाकी दोन ठिकाणी एक बाजू डोळ्यांना दिसते आणि दुसरी फलकांवर वाचावी लागते. पण प्रत्येकाला तिथवर जाणं जमेलच असं नाही, म्हणून तिन्हींचा विचार करू.

सेंट लुईस: सोयीचं, पण वाटेच्या अलीकडचं

विमानाने पोहोचणं सोपं, शहरात राहायला-खायला हवं तसं, आणि मिसिसिपीच्या काठावर 630 फूट उंचीची ती प्रसिद्ध कमान, गेटवे आर्च. एरो सारिनेन यांनी तिचा आराखडा केला. ती 1965 मध्ये पुरी झाली, तेव्हा ते हयात नव्हते. कमानीच्या पोटातल्या छोट्या ट्रामने माथ्यावर जाता येतं. डबा पाच जणांचा आणि दार जेमतेम चार फुटांचं, शिवाय वाटेत पायऱ्याही आहेत. गुडघे दुखणाऱ्या किंवा बंद जागेची भीती असणाऱ्या आई-बाबांना खालीच थांबू द्या. खालचं संग्रहालय मोठं आहे, 2018 मध्ये नव्याने उघडलं आणि त्याला तिकीट नाही.

1803 मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी दीड कोटी डॉलरना फ्रान्सकडून लुइझियानाचा प्रदेश घेतला. पुढच्याच वर्षी लुईस आणि क्लार्क यांची शोधमोहिमेची तुकडी याच परिसरातून मिसुरी नदीने वर निघाली. ही सुरुवात संग्रहालयात छान उलगडते. मात्र ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्या बैलगाड्या इथून सुटत नव्हत्या. लोक सेंट लुईसहून आगबोटीने मिसुरी राज्याच्या पश्चिम टोकाला, इंडिपेंडन्स किंवा सेंट जोसेफला जात आणि बैल जुंपत ते तिथे. त्यामुळे इथे वाटेबद्दल पुष्कळ कळतं, पण वाट मात्र दिसत नाही.

सेंट लुईसला गेलातच तर अर्धा दिवस नदीपलीकडच्या काहोकियाला द्याच. इसवी सन 1100 च्या सुमारास तिथे मूळ रहिवाशांचं हजारो वस्तीचं नगर होतं. मातीचा मुख्य टेकाडवजा चौथरा आजही सुमारे 100 फूट उंच उभा आहे. पश्चिम म्हणजे मोकळी पडलेली जमीन, असं शाळेच्या पुस्तकात वाचलेल्या मुलाला तो चौथरा चढायला लावा.

बीॲट्रिस: जमिनीचा कायदा जिथे कळतो

लिंकन शहराच्या दक्षिणेला 40 मैलांवर हे छोटं गाव आहे आणि गावाबाहेर होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान. 20 मे 1862 रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. 21 वर्षं पुरी झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या व्यक्तीने 160 एकरांवर दावा लावायचा, पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. मग ती जमीन तिच्या नावावर होई, आणि सगळी मिळून फी होती 18 डॉलर. एकट्या स्त्रीला, विधवेला, परदेशातून येऊन नागरिकत्वासाठी अर्ज केलेल्यालाही दावा लावता येत असे. त्या काळात विवाहित स्त्रीच्या मालमत्तेच्या हक्काची काय अवस्था होती हे आठवलं, की एकट्या बाईच्या नावाच्या 160 एकरांचं मोल कळतं.

कायदा 1 जानेवारी 1863 ला लागू झाला. त्याच दिवशी डॅनियल फ्रीमनने ब्राउनव्हिलच्या जमीन कार्यालयात पहिल्यांपैकी एक दावा लावला, आणि उद्यान त्याच्याच जमिनीवर आहे. या माणसाचा पुढचा इतिहासही मोठा ओढ लावणारा आहे. गावच्या शाळेत बाई बायबल वाचून प्रार्थना घेतात, सार्वजनिक शाळेत हे चालणार नाही, म्हणून तो कोर्टात गेला. 1902 मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. ती एका खोलीची शाळा उद्यानाने जपली आहे, तीही पाहून या.

1867 चं 14 बाय 16 फुटांचं लाकडी घर इथे आहे. त्यात एक मोठं कुटुंब राहिलं. मुलांना आत उभं करून विचारा, चूल कुठे, बिछाने कुठे, हिवाळ्यात सगळे कसे मावत असतील. बाहेर सुमारे 100 एकरांवर उंच गवताची प्रेअरी 1939 पासून जोपासलेली आहे. उन्हाळ्याच्या शेवटी ते गवत माणसाच्या डोक्यावर जातं. एवढ्या दाट मुळांची जमीन पहिल्यांदा नांगरणं म्हणजे काय असेल, याची कल्पना तिथेच येते.

प्रवेशाशी 30 राज्यांच्या आकाराचे धातूचे पत्रे आहेत. या कायद्याने राज्याची जितकी जमीन वाटली गेली तितका भाग पत्र्यातून कापलेला आहे. एकूण सुमारे 16 लाख लोकांच्या नावे 27 कोटी एकर झाले, म्हणजे देशाच्या जमिनीचा दहावा हिस्सा. आकडा प्रचंड आहे, पण त्याच उन्हाळ्यात, 1 जुलै 1862 रोजी, पॅसिफिक रेल्वेचा कायदाही झाला. रेल्वेला रुळांच्या दोन्ही बाजूंची, बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक चौकटींतली जमीन फुकट मिळाली आणि तिने ती पैसे घेऊन विकली. ज्याच्याजवळ पैसे नव्हते त्याला बाजारपेठेपासून लांबची जमीन घ्यावी लागे. दुष्काळ, टोळधाड, एकटेपणा यांपुढे पाच वर्षं न निभावल्यामुळे परत फिरलेले कितीतरी होते.

आता या जागेत मला काय कमी वाटतं ते. ही जमीन ओटो-मिसुरिया लोकांची. बिग ब्लू नदीकाठची त्यांची शेवटची राखीव जमीनही विकायला लावून त्यांना 1881 मध्ये आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. प्रदर्शनात मूळ रहिवाशांचा भाग आहे आणि तो प्रामाणिक आहे. पण बाहेर पडल्यावर लक्षात राहतं ते लाकडी घर. घर गमावलेल्यांची एकही खूण तिथल्या मातीवर दिसत नाही.

फोर्ट लॅरमीचा पट्टा: इथे वाट पायाखाली येते

डेन्व्हरहून उत्तरेला सुमारे 200 मैलांवर नेब्रास्कातलं स्कॉट्सब्लफ गाव लागतं. तिथे मुक्काम करा. पूर्वेला चिमनी रॉक हा धुराड्यासारखा सुळका, पश्चिमेला फोर्ट लॅरमी आणि गर्न्सी. नॉर्थ प्लॅट नदीच्या या पट्ट्यात दोन दिवस भरगच्च जातात.

स्कॉट्स ब्लफचा कडा नदीपासून 800 फूट उंच आहे. त्याच्या कुशीतल्या मिचेल खिंडीतून 1850 नंतर गाड्या एकामागे एक जात. अभ्यागत केंद्रापासून त्या मूळ वाटेवर चालता येतं. दिवसाला 10 ते 15 मैल, एकूण 2000 मैल, चार ते सहा महिने, आणि बहुतेक जण गाडीत बसून नाही तर गाडीशेजारून चालत. गाडीत पीठ, खारवलेलं मांस आणि अवजारं असत.

चित्रपटांमुळे आपल्याला वाटतं की वाटेत माणसं बाणांनी मेली. खरा काळ होता कॉलरा. 1849 ते 1852 या वर्षांत प्लॅटच्या काठी तळांवर गर्दी, तेच पाणी पिण्याला आणि तेच घाणीला. स्कॉट्सब्लफजवळ रेल्वेमार्गाच्या कडेला रिबेका विंटर्स यांची कबर आहे. 15 ऑगस्ट 1852 ला त्या कॉलऱ्याने गेल्या. दगड मिळाला नाही म्हणून सोबत्यांनी चाकाची लोखंडी धाव वाकवून तिच्यावर नाव आणि वय कोरलं. ती धाव आजही वाचता येते. अभ्यासकांच्या मोजणीत 1840 ते 1860 या वीस वर्षांत मूळ रहिवाशांच्या हातून 362 प्रवासी मेले आणि प्रवाशांच्या हातून 426 मूळ रहिवासी. मुलांना हे दोन आकडे सांगाच.

गर्न्सीला गाड्यांच्या चाकोऱ्या आहेत. तिथे नदीकाठची वाट अडते, म्हणून प्रत्येक गाडीला मऊ वालुकाश्माच्या एकाच उंचवट्यावरून जावं लागे. वर्षानुवर्षं चाकं घासून दगडात काही जागी पाच फूट खोल चर पडला आहे. या पट्ट्यात माझ्या मनात सर्वांत खोल रुतलेली जागा हीच. जवळच्या रजिस्टर क्लिफवर प्रवाशांनी आपली नावं आणि सालं कोरली आहेत.

आणि मग फोर्ट लॅरमी. लाकडी तटबंदी शोधू नका. 1834 चं ते फर-व्यापाऱ्यांचं ठाणं गेलं. 1849 मध्ये लष्कराने 4000 डॉलरना जागा घेतली आणि मोकळ्या मैदानाभोवती बराकी उभारल्या. 1849 चं ‘ओल्ड बेडलम’ हे अधिकाऱ्यांचं निवासस्थान अजून उभं आहे. या मैदानाचं महत्त्व मात्र करारांमुळे. 1851 मध्ये लकोटा, शायान, अरापाहो, क्रो आणि इतर मूळ जमाती मिळून सुमारे 10,000 लोक इथे बोलावले गेले. घोड्यांना गवत पुरेना, म्हणून बैठक नदीच्या खालच्या अंगाला हॉर्स क्रीकवर नेली. वाट वापरू द्या, बदल्यात 50 वर्षं दरसाल 50,000 डॉलरचा माल देऊ, असं ठरलं. सेनेटने 50 वर्षांची 10 केली.

तीनच वर्षांत, ऑगस्ट 1854 मध्ये, एका मॉर्मन पंथाच्या प्रवाशाची चुकार गाय लकोटा तळावर मारली गेली. त्यांचा प्रमुख काँकरिंग बेअर भरपाई द्यायला तयार होता. लेफ्टनंट ग्रॅटन 29 सैनिक आणि तोफा घेऊन गेला, गोळीबार झाला, काँकरिंग बेअर प्राणघातक जखमी झाला आणि ग्रॅटनची तुकडी संपली. मैदानांवरच्या लढायांचं मोठं पर्व इथून सुरू होतं.

1868 चा दुसरा करारही इथलाच. लकोटांचा नेता रेड क्लाउडने मोंटानाच्या सोन्याकडे जाणाऱ्या बोझमन वाटेवरचे लष्कराचे किल्ले रिकामे झाल्यावरच त्यावर खूण केली. ब्लॅक हिल्स हे डोंगर लकोटांचे राहतील असं लिहून दिलं होतं. 1874 मध्ये तिथे सोनं सापडलं आणि 1877 मध्ये सरकारने ते घेतले. 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मान्य केली, तेव्हाची रक्कम 10 कोटी डॉलरच्या वर होती. लकोटांनी ती आजवर उचललेली नाही. त्यांना डोंगर परत हवेत.

मग ठरवायचं कसं

सोबत वयस्क मंडळी आणि हाताशी दोनच दिवस असतील, तर सेंट लुईस आणि काहोकिया. सात-आठ वर्षांची मुलं असतील, तर बीॲट्रिस त्यांना सर्वांत लवकर कळेल. सपाट जमीन, छोट्या वाटा, आणि उद्यानातली मुलांसाठीची ‘ज्युनियर रेंजर’ वही भरली की बिल्ला मिळतो (तो बाकी ठिकाणीही मिळतो). मुलं दहा-बाराच्या पुढची असतील आणि गाडी चालवायचा कंटाळा नसेल, तर फोर्ट लॅरमीच.

डेन्व्हरहून निघणाऱ्यांना एक दिवस जास्त मिळाला तर उलट दिशेला, आग्नेयेकडे, ईड्स गावाजवळच्या सँड क्रीकला जा. 29 नोव्हेंबर 1864 ला कर्नल शिव्हिंग्टनच्या फौजेने तिथे शायान आणि अरापाहो लोकांच्या तळावर हल्ला केला. शायानांचा प्रमुख ब्लॅक केटलने अमेरिकेचा झेंडा आणि पांढरं निशाण लावलेलं होतं. सुमारे 230 जण मारले गेले, बहुतेक स्त्रिया, मुलं आणि म्हातारी माणसं. कॅप्टन सायलस सूलने आपल्या तुकडीला गोळी चालवू दिली नाही आणि नंतर चौकशीत साक्ष दिली. काही महिन्यांत डेन्व्हरच्या रस्त्यात त्याचा खून झाला. लहान मुलांना इथे नेऊ नका. मोठ्यांनी मात्र हा दिवस काढावा असं मला मनापासून वाटतं.

मे ते सप्टेंबर हा काळ बरा. गाड्याही वसंतात गवत उगवल्यावरच निघत. या गावांत शाकाहारी जेवण मिळेलच असं धरू नका. पाणी आणि दोन वेळचा डबा गाडीत ठेवा, टाकी अर्ध्यावर आली की पेट्रोल भरा, गवतात पाय ठेवताना रॅटलस्नेककडे लक्ष असू द्या. स्कॉट्स ब्लफच्या माथ्यावर गाडीने जाता येतं, पण दरड पडली की तो रस्ता बंद करतात. तेवढं निघण्याच्या आदल्या दिवशी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.