‘1949ची क्लॉड बटलर’ म्हणून माझ्या गळ्यात मारलेली फ्रेम

इंग्लंडमध्ये जुनी ब्रिटिश सायकल फ्रेम शोधत असाल तर हे वाचाच. 650 पौंडांना ‘1949ची क्लॉड बटलर, रेनॉल्ड्स 531, पूर्ण रिस्टोअर केलेली’ म्हणून मला विकलेली फ्रेम प्रत्यक्षात पुढच्या पिढीतली, साध्या पोलादी नळीची निघाली. विकणाऱ्याने हे जाणूनबुजून केलं. त्याची पद्धत उघड करायची म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

या नावाचीच निवड का, ते आधी सांगतो. क्लॉड बटलरने 1928 मध्ये दुकान काढलं आणि दक्षिण लंडनच्या क्लॅपहॅममधल्या त्याच्या कारखान्यातल्या फ्रेम पाहता पाहता नावाजल्या. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात मूळ धंदा बुडाला. नाव होल्ड्सवर्थ या सायकल कंपनीने घेतलं, पुढे ते फाल्कन या दुसऱ्या कंपनीकडे गेलं. म्हणजे नाव तेच, पण बनवणारे वेगळे आणि दर्जाही वेगळा. भामट्याला एवढी फट पुरते. उशिराची स्वस्त फ्रेम घ्यायची, रंग उतरवायचा, जुन्या पद्धतीची स्टिकरं लावायची आणि साल मागे ढकलायचं.

फ्रेम दिसायला देखणी होती. गडद लाल एनॅमल, नळ्यांच्या जोडांवर, म्हणजे लग्जवर, हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा, सीट ट्यूबवर, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीवर, 531चं स्टिकर. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने 531 ही मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी 1935 मध्ये आणली आणि चांगल्या ब्रिटिश फ्रेमची ती खूणच झाली. पण त्या स्टिकरांच्या नकला आज कुणालाही विकत मिळतात. प्रामाणिक कारागिरांना त्या लागतातच, त्यामुळे त्यात गैर काही नाही. फक्त स्टिकर हा पुरावा धरू नका.

संशय आला तो सीटपोस्टमुळे, म्हणजे सीट ट्यूबमध्ये बसणाऱ्या सीटच्या दांड्यामुळे. 531च्या बटेड, म्हणजे टोकाशी जाड आणि मध्ये पातळ असलेल्या, नळ्यांची भिंत पातळ असते, त्यामुळे 28.6 मिमी बाहेरच्या व्यासाच्या सीट ट्यूबमध्ये सहसा 27.2 मिमीच्या आसपासचा सीटपोस्ट बसतो. इथे 26 मिमीचाच जेमतेम जात होता. म्हणजे भिंत चांगलीच जाड. मग मागच्या चाकाचा एक्सल बसतो त्या दोन ड्रॉपआउटमधलं अंतर कॅलिपरने मोजलं. ते भरलं 126 मिमी. हे माप सहा-सात गिअरच्या फ्रीव्हीलचं, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाचं, 1970च्या दशकाअखेरीस रूढ झालेलं. 1949 मध्ये एवढ्या रुंदीची गरजच नव्हती.

त्यानंतर फ्रेमवर लोहचुंबक फिरवला. खालच्या तिरक्या नळीवर दोन ठिकाणी तो धरेना. नखाने खरवडलं तर लाल रंगाखालून राखाडी लांबी निघाली, गाड्यांचे पोचे भरायला गॅरेजवाले वापरतात तीच. तिच्याखाली बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू बसायची दोन भोकं. त्या काळी बाटली क्लँपने लावायचे. नळीत अशी आटे पाडलेली भोकं अगदी क्वचित असायची. बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या भागाच्या, खालचा मूळ नंबर कानशीने घासून त्यावर 49ने सुरू होणारा नवा ठोकला होता. रंगाखाली कानशीचे आडवे ओरखडे तिरक्या उजेडात स्पष्ट दिसत होते.

मला सर्वात जास्त राग आला तो या नंबराचा. पैसे परत मिळवता येतात, पण मूळ नंबर गेला की त्या फ्रेमची कुंडलीच गेली. ती कुणी, कधी बनवली, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. साधी का असेना, कुणीतरी भट्टीसमोर उभं राहून जोडलेली वस्तू होती ती.

विचारल्यावर विकणारा आधी म्हणाला, ‘नाव तर क्लॉड बटलरच आहे ना?’ नंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. पैसे घेताना पेपलवर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ने पाठवले तर वीस पौंड सूट देतो म्हणाला होता. मी नकार दिला होता, आणि तोच नकार कामी आला, कारण त्या पद्धतीत खरेदीदाराला संरक्षण मिळत नाही. शिवाय खासगी विक्रेत्यालाही वर्णनाप्रमाणेच माल द्यावा लागतो, तसा 1979चा सेल ऑफ गुड्स कायदा आहे. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, मापांचे फोटो आणि कोर्टात जाण्याआधीची लेखी नोटीस एवढं पाठवल्यावर पैसे आले.

घेण्याआधी रंग उतरवलेल्या उघड्या फ्रेमचे फोटो मागाच. खरा कारागीर ते आनंदाने दाखवतो. 1955 पासून चालत आलेल्या व्हेटरन-सायकल क्लबमध्ये एकेका मेकचे जाणकार आहेत, त्यांना नंबर आणि ड्रॉपआउटचे फोटो पाठवा. ओरखडलेला का होईना, मूळ रंग असलेली फ्रेम मिळाली तर नव्या रंगाच्या फ्रेमपेक्षा तीच घ्या.

पुण्या-मुंबईत ‘विलायती’ म्हणून विकली जाणारी रॅले किंवा हर्क्युलसही अशीच तपासा. आसनसोलला सेन-रॅले आणि मद्रासला टीआय सायकल्स हीच नावं भारतात बनवत होते. त्या सायकली उत्तमच, पण इंग्लंडच्या म्हणून जास्तीचे पैसे मोजू नका.

माझी फ्रेम त्याच्याकडे परत गेली आहे आणि ती पुन्हा बाजारात येणार. रंग कदाचित वेगळा असेल, खरवडलेली लांबीही पुन्हा भरलेली असेल. पण 126 मिमीचे ड्रॉपआउट, 26चा सीटपोस्ट आणि 49ने सुरू होणारा ठोकलेला नंबर एकत्र दिसले, तर ती फ्रेम घेऊ नका.