शाळेच्या अनुदानाच्या नावाखाली ८४,४१० रुपये गेले. शाळा व्यवस्थापन समित्यांनो, वाचा

आमच्या जिल्हा परिषद शाळेला २४ लाख ८० हजारांचा सीएसआर निधी, म्हणजे कंपन्या समाजकामासाठी देतात तो पैसा, मंजूर झाल्याचं पत्र आलं आणि त्या पत्रापायी ८४,४१० रुपये गेले. मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. गावाचं नाव टाकत नाही. मुख्याध्यापकांची नोकरी आहे, आणि व्हायची ती शोभा गावात होऊन गेली आहे.

आधी हिशोब सांगतो, कारण चावडीवर तो आकडा दोन लाखांपर्यंत गेलाय. पहिले ५,९०० ‘प्रकल्प नोंदणी’चे, म्हणजे पाच हजार आणि वर १८ टक्के जीएसटी. मग १७,७०० ‘प्रकल्प अहवाल’ बनवण्याचे. मग ४९,६०० ‘परतावा अनामत’, अनुदानाच्या बरोबर दोन टक्के. शेवटी ‘पूर्व-लेखापरीक्षणा’चे ११,२१०. यातले साठ हजार छताच्या पत्र्यासाठी जमवलेल्या लोकवर्गणीतले, बाकीचे माझ्या खिशातले. पुढे आणखी २२,००० मागितले तेव्हा मुख्याध्यापक सरांच्या भाच्याने ते पत्र पाहिलं. तो पुण्यात एका सीएकडे कामाला आहे. फोनवरच हसला. पैसे गेल्याचं दुःख एकीकडे आणि त्याचं ते हसणं एकीकडे.

आता कोणी म्हणेल, एवढे शिकलेले लोक, फुकटच्या पैशाला भुलले. फुकटचा कोणाला हवा होता? आमच्याकडे दिवाळी झाली की अर्धं गाव उसाला जातं. कोयते घेऊन आईबाप गेले की पोरं आजी-आजोबांकडे राहतात. तिसरीतला एक मुलगा दोन महिने वर्गात बोललाच नव्हता. मारामाऱ्या वाढतात, गैरहजेरी वाढते. २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’चा, म्हणजे शनिवारी मुलांसाठी आनंददायी उपक्रम घ्यायचा शासन निर्णय आला, चांगलाच आहे, पण करायचा कशावर? समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून आमच्या पटाच्या शाळेला वर्षाला ५०,००० संयुक्त अनुदान, त्यातच खडू, दुरुस्ती, स्वच्छता. क्रीडा साहित्याचे १०,००० वेगळे. एवढ्यात समुपदेशक कुठून आणायचा? आणि ते पत्र पाठवून फोन करणाऱ्या माणसाच्या प्रस्तावात नेमकं तेच होतं: महिन्यातून दोनदा समुपदेशक, ढोल-लेझीम आणि हार्मोनियम, खेळाचं साहित्य, शनिवारची चित्रकला. आमची दुखरी नस त्याला बरोबर ठाऊक होती.

ठाऊक कशी, ते नंतर कळलं. यु-डायस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती कोणालाही बघता येते. त्याने फोनवर २७ ने सुरू होणारा आमचा अकरा आकडी क्रमांक धडाधड म्हणून दाखवला, पट सांगितला, वर्गखोल्या सांगितल्या. मुख्याध्यापक म्हणाले, आतला माणूस दिसतोय. पट मात्र त्याने १४३ सांगितला. आमचा आता १२८ आहे. १४३ हा गेल्या वर्षीचा, पोर्टलवरचा. आम्ही उलट त्याला दुरुस्त करून दिला आणि पुढच्या पत्रात १२८ छापून आला! तेव्हा आम्हाला वाटलं, किती काटेकोर माणसं आहेत.

खरं दिसायला हवं होतं ते तिसऱ्या हप्त्याला. समितीच्या खात्यातून चेक काढायचा तर माझी आणि मुख्याध्यापकांची अशा दोन सह्या लागतात. तो म्हणाला, ‘अध्यक्षसाहेब, आज पोर्टल बंद होतंय, चेक क्लिअर होईपर्यंत तुमची शाळा यादीतून जाईल, तुम्ही तुमच्या यूपीआयवरून टाका, समितीकडून नंतर घ्या.’ मी ४९,६०० टाकायला घेतले. क्यूआर कोड स्कॅन केला. पिन टाकायच्या आधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं ना, ते आलं एका मोबाइल अॅक्सेसरीजच्या दुकानाचं. फाउंडेशनचं नाही, कंपनीचं नाही. मोबाइल कव्हरवाल्याचं. अंगठा थांबला, हे खरं. फोन लावला. तो जराही गडबडला नाही, ‘ती आमची अंमलबजावणी एजन्सी आहे सर, साहित्यखरेदी त्यांच्याकडूनच होते.’ मागे ऑफिसचा आवाज, कोणीतरी ‘मॅडम, बीडची फाइल’ म्हणतंय. मी पिन टाकला. ज्याला शंका येते तो विचारतो, मी विचारलंच होतं. पण ज्याच्यावर शंका, त्यालाच विचारून काय होणार होतं? मुलांना खेळणी देणाऱ्या संस्थेचा पैसा कव्हरच्या दुकानात कशाला जाईल, हे विचारायला पडद्यासमोर दुसरं कोणी हवं होतं. म्हणून सांगतो, शाळेचा एक रुपयाही एकट्याच्या फोनवरून देऊ नका. दोन सह्यांची कटकट म्हणून जिला शिव्या घालतो, तिने हे वाचवलं असतं.

पत्रावर सीएसआर नोंदणी क्रमांक होता, तो खराही निघाला. फक्त दुसऱ्याच कुठल्यातरी संस्थेचा. १ एप्रिल २०२१ पासून कंपनीचा सीएसआर पैसा वापरणाऱ्या संस्थेला ‘सीएसआर-१’ हा फॉर्म भरून हा क्रमांक घ्यावा लागतो. क्रमांक बघून थांबू नका, तो कोणाच्या नावावर आहे ते बघा आणि त्या संस्थेला स्वतः शोधलेल्या नंबरवर फोन करा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावेच लागतात. ज्याच्यावर खर्च करायची सक्ती आहे तो तुमच्याकडून अनामत मागेल कशाला?

आता सरकारी पाहुणचार. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘तुम्ही स्वतःहून पाठवले ना? मग चोरी कसली?’ दुसरा, ‘हा दिवाणी मामला आहे.’ मग सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाले म्हणाले स्थानिक ठाण्यात जा. स्थानिक ठाण्यात शेवटी एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून हातात दिली आणि वर सल्ला, ‘शाळेची बदनामी कशाला करता.’ बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणाले, पिन तुम्हीच टाकला, व्यवहार अधिकृत आहे, आम्ही काही करू शकत नाही. ज्याच्या नावाचं दुकानच अस्तित्वात नाही त्याला चालू खातं कोणत्या कागदावर दिलं, हे विचारलं तर ‘ती दुसरी बँक आहे’. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तोवर बराच उशीर झाला होता. खात्यात उरलेले ६,३०० रुपये तेवढे होल्ड झाले. ते सोडवायला न्यायालयाचा आदेश लागेल, असं तेव्हा सांगितलं. पैसे गेल्याचं कळताच आधी १९३० लावा. ठाण्यातली रांग मागाहून.

आणि एनसीवर घरी येऊ नका. फसवून पैसे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) चा दखलपात्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. ठाणं घेत नसेल तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टाने पाठवता येतो. मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला, मग ठाण्यातून फोन आला. तेच हवालदार, पण आता ‘अध्यक्षसाहेब, बसा ना’.

शिक्षण विभागाने तर कमाल केली. आम्ही सगळी कागदपत्रं दिली, दुसऱ्या शाळांना सावध करा म्हणालो. परिपत्रक निघालं: कार्यालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही बाह्य संस्थेशी पत्रव्यवहार करू नये, अन्यथा मुख्याध्यापकांवर कारवाई. भामट्यांबद्दल एक ओळ नाही. त्यांचा नंबर नाही, त्यांची पद्धत नाही. शेजारच्या केंद्रातल्या शाळेला त्यानंतर हुबेहूब तसंच पत्र आलं. तिथल्या मॅडमनी मला फोन केला म्हणून वाचल्या, परिपत्रक वाचून नाही.

खरी मदत हवी असेल तर केंद्र सरकारचं ‘विद्यांजली’ पोर्टल आहे. तिथे शाळेने गरज टाकायची, देणारा वस्तू किंवा वेळ देतो, पैशाचा व्यवहारच नाही. आम्ही आता दोन फुटबॉल आणि एक हार्मोनियम टाकलंय.

अशा पत्रावर ‘प्रकल्प नोंदणी ५,९००’ असा आकडा आणि मोबाइल अॅक्सेसरीजच्या नावाचं खातं तुमच्याकडेही आलं असेल, तर पैसे गेले असोत वा नसोत, तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक मला कळवा. तपास अधिकारी म्हणतात की एकाच खात्यावर चार-पाच तक्रारी असल्या तर फाइल हलते. सध्या तिथे माझी एकट्याची आहे.