राउटर आहे की स्विच, कमांड लाइनवरून ओळखणं : बरेच महिने सगळी टूल्स वापरून झाल्यावरचा अनुभव

आधीच सांगतो, फक्त आयपीची यादी हातात आहे आणि त्यातलं राउटर कोणतं, स्विच कोणता हे डिव्हाइसपाशी न जाता शोधायचंय, अशा कामासाठी हे लिहितोय. नेटवर्कचं काम सात थरांत, म्हणजे लेयरमध्ये मोजतात; स्विच एकाच नेटवर्कमधली डिव्हाइस जोडतो (लेयर २, यालाच ब्रिजिंग म्हणतात) आणि राउटर एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पॅकेट पाठवतो (लेयर ३). ज्यांच्याकडे सगळ्या डिव्हाइसचं लॉगिन आहे आणि नावंही नीट ठेवलेली आहेत त्यांना यातलं निम्मं लागणार नाही. माझ्याकडे जुनी एक्सेल शीट होती, तिच्यात अर्ध्या ओळींपुढे नुसतं "नेटवर्क डिव्हाइस" लिहिलेलं, त्यामुळे एनमॅप (पोर्ट तपासणारं टूल), एसएनएमपीची टूल्स (एसएनएमपी म्हणजे डिव्हाइसला नेटवर्कवरून माहिती विचारायचा प्रोटोकॉल), एलएलडीपीडी (शेजारची डिव्हाइस कोण ते ऐकणारा प्रोग्राम), टीसीपीडंप (वायरीवरची पॅकेट दाखवणारं टूल) सगळंच रोजच्या वापरात आलं आणि त्यातलं काय टिकलं ते सांगतो.

एनमॅपपासून सुरू करू कारण सगळे तिथूनच करतात. कॅपिटल ओ वाला ऑप्शन लावला की ओएस ओळखतो आणि डिव्हाइस टाइप अशी एक ओळ छापतो, ती बघून वाटतं झालं काम. पण त्या ओळीत बऱ्याचदा राउटर, स्विच, वायफाय एपी असं सगळं एकाच दमात उभ्या रेघा मारून लिहिलेलं असतं. आणि यात एनमॅपची चूकही नाही, तो टीसीपी-आयपी स्टॅकचा ठसा, म्हणजे ओएस पॅकेटना कसं उत्तर देतं ती लकब, ओळखतो, आणि एकाच कंपनीचं तेच ओएस राउटरवर पण चालतं आणि स्विचवर पण, मग ठसा सारखाच येणार. शिवाय एक उघडं आणि एक बंद पोर्ट मिळालं नाही तर तो नुसता अंदाजच असतो, आणि मॅनेजमेंट आयपीवर (डिव्हाइस सांभाळायला दिलेला आयपी) बहुतेक ठिकाणी एसीएल, म्हणजे कोणाला आत येऊ द्यायचं त्याची यादी, लावलेली असते म्हणजे तेही मिळत नाही. रूट परमिशन लागते ते वेगळंच. कंपनी कोणती आणि प्रिंटर आहे का सर्व्हर एवढं वेगळं काढायला एनमॅप उत्तम, पण राउटर-स्विच वेगळं करायला मी आता चालवतच नाही.

खरी मजा एसएनएमपीमध्ये आहे. सिसडिस्क्रिप्शन, म्हणजे डिव्हाइसने दिलेलं स्वतःचं वर्णन, वाचायचा मोह सगळ्यांना होतो, पण त्यात कंपनीला जे लिहावंसं वाटलं ते असतं. मिक्रोटिकचंच बघा, त्यांच्या सीआरएस मालिकेच्या नावातच क्लाउड राउटर स्विच असं दोन्ही आहे आणि त्यावर चालणाऱ्या ओएसचं नाव राउटरओएस, त्यामुळे "राउटर" हा शब्द ग्रेप करणाऱ्या, म्हणजे शोधणाऱ्या स्क्रिप्टला नुसता लेयर २ चं काम करणारा चोवीस पोर्टचा स्विचही राउटरच वाटणार. त्यापेक्षा सिससर्व्हिसेस, म्हणजे डिव्हाइस कोणकोणत्या लेयरची सेवा देतं ते सांगणारा आकडा (एसएनएमपीतला पत्ता १.३.६.१.२.१.१.७.०), हे निदान ठरलेल्या नियमाने चालतं. १९९१ च्या आरएफसी १२१३ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजामध्येच हे दिलंय, डिव्हाइस ज्या ज्या लेयरची सेवा देतं त्या लेयरच्या नंबरातून एक वजा करून २ चा तेवढा घात घ्यायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. म्हणजे लेयर २ चे २, लेयर ३ चे ४, लेयर ४ चे ८, लेयर ७ चे ६४. उत्तर २ आलं तर साधा स्विच, ६ आलं तर स्विचिंग पण आणि राउटिंग पण, ७८ आलं तर २, ४, ८ आणि ६४ सगळंच, आणि ७२ म्हणजे साधा सर्व्हर.

वाचायला हे फार सुंदर वाटतं. वापरताना मात्र कळतं की हा आकडा डिव्हाइस मोजून देत नाही, तो फर्मवेअर लिहिणाऱ्याने एकदा टाकून ठेवलेला असतो. राउटिंग चालू करा, बंद करा, आकडा तोच. लिनक्सवर तर तो सरळ कॉन्फिग फाइलमध्ये ७२ लिहून येतो, त्यामुळे लिनक्सचा चांगला धावता राउटर इथे सर्व्हर म्हणून दिसतो. तरी पहिली चाळणी म्हणून ठेवा, एका गेटमध्ये, म्हणजे एसएनएमपीच्या एकाच प्रश्नात काम होतं.

त्याच्या जोडीला दोन गोष्टी विचारल्या की चित्र बरंच साफ होतं. एक म्हणजे आयपीफॉरवर्डिंग, १.३.६.१.२.१.४.१.०, उत्तर १ आलं तर पॅकेट पुढे ढकलतोय, २ आलं तर नाही. आणि दुसरं ब्रिज मिब, म्हणजे एसएनएमपीतला ब्रिजिंगच्या माहितीचा भाग, १.३.६.१.२.१.१७ च्या खाली, तिथे बेस पोर्टची संख्या आली तर आत ब्रिजिंग आहे, काहीच आलं नाही तर बहुधा निव्वळ राउटर. फॉरवर्डिंगचा आकडा खरंच चालू परिस्थिती सांगतो म्हणून मला आवडतो. पण इथेही एक गंमत आहे, डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलेला कुठलाही लिनक्स सर्व्हर फॉरवर्डिंग १ सांगतो कारण डॉकर ते स्वतःच चालू करतं, त्यामुळे यादीत अचानक भरपूर "राउटर" उगवतात. म्हणून १ आला की तो एकटा बघायचा नाही, सिसऑब्जेक्टआयडीतून कंपनी कोण ते बघायचं, सिस्कोचा नंबर ९, नेटएसएनएमपीचा (लिनक्सवरचं एसएनएमपी सॉफ्टवेअर) ८०७२, हे दोन पाठ असले तरी खूप गोंधळ वाचतो. आणि सिस्कोच्या बऱ्याच स्विचवर मॅक टेबल (कोणत्या पोर्टवर कोणतं डिव्हाइस त्याची यादी) व्हीलॅनप्रमाणे, म्हणजे स्विचमधल्या प्रत्येक आभासी नेटवर्कसाठी वेगवेगळं मिळतं, कम्युनिटीपुढे (एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द) ॲट आणि व्हीलॅन नंबर लावला नाही तर फक्त व्हीलॅन १ दिसतो आणि तिथे कोणी नसेल तर टेबल रिकामं.

आता शेजाऱ्याला विचारण्याची पद्धत. सीडीपी आणि एलएलडीपी हे डिव्हाइसनी शेजारच्या डिव्हाइसला आपली ओळख सांगायचे प्रोटोकॉल. सीडीपी सिस्कोचा, १९९४ पासूनचा, दर ६० सेकंदांनी बोलतो, आणि एलएलडीपी म्हणजे ८०२.१एबी, २००५ चं स्टँडर्ड, साधारण दर ३० सेकंदांनी. शो सीडीपी नेबर्स मारलं की कपॅबिलिटीच्या कॉलममध्ये आर, एस, आय (आय म्हणजे आयजीएमपी, मल्टिकास्टचा प्रोटोकॉल) अशी अक्षरं येतात आणि नवीन माणूस म्हणतो आर म्हणजे राउटर, एस म्हणजे स्विच, संपलं. पण लेयर ३ स्विच पण आर एस आय दाखवतो आणि सिस्कोचे कित्येक राउटर पण आर एस आय दाखवतात, मग काय करणार. तिथे मॉडेलचा कॉलम बघणं हाच उपाय.

एलएलडीपी याबाबतीत जास्त प्रामाणिक वाटला. लिनक्सवर एलएलडीपीडी टाका, एलएलडीपीसीएलआय शो नेबर्स म्हणा, तो ब्रिज ऑन, राउटर ऑफ असं स्पष्ट छापतो. म्हणजे क्षमता आहे पण चालू नाही हे वेगळं कळतं, आणि मला हवं होतं ते नेमकं हेच, कारण लेयर ३ स्विच विकत घेऊन त्यावर राउटिंग कधीच चालू न करणारे लोक प्रचंड आहेत. एका कंपनीचा स्विच मात्र राउटिंग बंद असतानाही राउटर ऑनच सांगत राहिला, फर्मवेअर अपडेटनंतर सुधारला, तर डोळे झाकून विश्वास नकोच. आणि सिस्कोच्या आयओएसवर एलएलडीपी मुळात बंद असतो, एलएलडीपी रन टाकावं लागतं.

ज्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही आणि मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते आयपीव्ही६. आपण ज्या सेगमेंटवर आहोत तिथे एफएफ०२::२ ला पिंग करायचं, पुढे टक्का आणि इंटरफेसचं नाव, हा सगळ्या राउटरचा मल्टिकास्ट, म्हणजे एकदम अनेकांना पाठवायचा पत्ता आहे, स्विचचा मॅनेजमेंट आयपी तिथे ऐकतच नाही. मग आयपी -६ नेबर बघायचं, राउटर असेल त्या ओळीत "राउटर" असा शब्दच लिहून येतो कारण नेबर ॲडव्हर्टाइजमेंटमध्ये (शेजाऱ्याकडून येणारं ओळखीचं उत्तर) त्यासाठी एक वेगळा बिट असतो. लॉगिन नको, कम्युनिटी नको, काही नको. काही डिव्हाइस मल्टिकास्ट पिंगला उत्तर देत नाहीत आणि आयपीव्ही६ राउटिंगच चालू नसेल तर हाती काही लागत नाही, पण उत्तर आलं तर ते पक्कं.

टीसीपीडंप पण तसाच कामाचा, नुसतं पाच मिनिटं ऐकत बसायचं. दर २ सेकंदांनी स्पॅनिंग ट्रीचे (स्विचमधली वळसे टाळायची पद्धत) बीपीडीयू, म्हणजे तिचे संदेश येतायत म्हणजे वायरीच्या पलीकडे ब्रिजिंग करणारं काहीतरी आहे, २२४.०.०.५ वर हॅलो दिसले तर ओएसपीएफ (राउटरनी एकमेकांना रस्ते सांगायचा प्रोटोकॉल) म्हणजे राउटिंग, २२४.०.०.१८ म्हणजे व्हीआरआरपी (एक राउटर पडला तर दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची पद्धत). लेयर ३ स्विचच्या पोर्टवर दोन्ही दिसतात आणि तेव्हा ते उत्तर बरोबरच असतं, कारण तो दोन्ही आहे.

लॉगिन असेल तर मी शो व्हर्जन सोडून आधी शो आयपी इंटरफेस ब्रीफ मारतो. आयपी थेट पोर्टवर दिसले तर राउटरसारखं काम, सगळे पोर्ट अनअसाइन्ड आणि आयपी फक्त व्हीलॅन १ वर म्हणजे स्विच. मग शो आयपी राउट, राउटिंग बंद असलेल्या सिस्को स्विचवर टेबलऐवजी डीफॉल्ट गेटवे आणि आयसीएमपी रीडायरेक्ट कॅशबद्दल एक ओळ येते, ती दिसली की विषय संपला.

ट्रेसराउटबद्दल दोनच वाक्यं. वाटेतला एक टप्पा, म्हणजे हॉप म्हणून दिसला तर टीटीएल (पॅकेटने किती टप्पे जायचं तो आकडा) कमी करतोय म्हणजे राउटिंग करतोय, न दिसणं मात्र काहीच सिद्ध करत नाही.

सध्या माझ्या शीटमध्ये "राउटर" आणि "स्विच" असा एक कॉलम नाहीच, दोन वेगळे आहेत, फॉरवर्डिंग हो-नाही आणि ब्रिजिंग हो-नाही, स्क्रिप्ट रोज रात्री एसएनएमपी व्ही३ वरून ते भरते आणि एलएलडीपीशी जुळलं नाही तर ओळ पिवळी करते. अनमॅनेज्ड स्विच यात कुठेच सापडत नाहीत, त्यांना आयपीच नसतो, तेवढ्यासाठी एका ॲक्सेस पोर्टवर तीन-चार मॅक दिसले की वेगळी खूण ठेवतो आणि तिथे मात्र प्रत्यक्ष जाऊन वायर बघावी लागते.