टक्केवारी, स्वतःचा गाळा की घरोघरी व्हिजिट? तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी सुरू करणाऱ्यांसाठी

बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालं, इंटर्नशिप संपली, राज्य परिषदेकडे नोंदणीही झाली. आता नागपूर-पुण्याची नोकरी न धरता वर्धा-यवतमाळकडच्या आपल्याच तालुक्यात बसायचं, तर वाटा तीन. हाडांच्या डॉक्टरकडे टक्केवारीवर बसा, स्वतःचा गाळा घ्या, नाहीतर दुचाकीवर घरोघरी व्हिजिट करा. बहुतेक जण हिशेब मशिनीपासून सुरू करतात. माझा हिशेब चौथ्या सिटिंगपासून, म्हणजे पेशंट उपचाराला चौथ्यांदा येतो तिथून सुरू होतो. पहिल्या दिवशी दुखणं घेऊन सगळेच येतात. चौथ्यांदा कोण येतो, त्यावर घरभाडं निघतं.

चौथ्यांदा पेशंट का गळतो, ते आधी बघू. कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी किलोवर असते. दिवसभर वाकून ओटी भरायची, त्यात कंबर धरते ती ऐन दिवाळीच्या पुढेमागे. नेमका तोच तिच्या कमाईचा काळ. तुमची फी समजा 200 रुपये. तिला मात्र 200 रुपये, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी असा तिहेरी फटका बसतो. तिला ‘दहा दिवस रोज या’ म्हटलं की ती उद्यापासून येत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी बोलवा. गुडघ्यात वाकून गाठोडं छातीशी धरून कसं उचलायचं, ते तिच्याकडून तिथेच पाच वेळा करून घ्या. दोन व्यायाम पक्के झाले की पुढच्या बाजाराला ती येते, वर जावेलाही घेऊन येते.

आता या कसोटीवर तिन्ही वाटा लावून बघा.

हाडांच्या दवाखान्यात पेशंट आयता मिळतो. प्लास्टर निघालेला हात, ऑपरेशन झालेला गुडघा, अपघातातली तरणी पोरं, सगळं हाताखालून जातं. एक्स-रे बघण्याची नजर बसते. गुंतवणूक शून्य. पण पेशंट डॉक्टरांचा असतो, तुमचा नसतो. 60:40 ठरलं तर 200 तले 120 तुमचे, तेही महिनाअखेरीला. बाहेर गर्दी असली की ‘शेक द्या, करंट लावा आणि सोडा’ अशी घाई होते, व्यायाम शिकवायचा राहून जातो. पेशंटलाही तीच सवय लागते. मग व्यायामावर अर्धा तास घालवला तरी जाताना विचारतात, ‘आज करंट नाई लावला का जी?’ वाटा किती, पैसे कोणत्या तारखेला, सोडून गेल्यावर त्याच गावात बसायला आडकाठी आहे का, हे तिन्ही कागदावर घ्या. तोंडी बोलणं दोन महिने टिकतं.

स्वतःच्या गाळ्याचा हिशेब सोपा आहे. समजा भाडं 5,000, वीज 1,500, मदतनीस बाईंचे 6,000, म्हणजे महिन्याला 12,500. दोनशेच्या दराने 63 सिटिंग झाल्या तर फक्त खर्च निघाला. पंचवीस दिवस धरले तर रोज अडीच पेशंट, आणि तुमचा पगार त्यानंतर. आकडा भीतीदायक नाही. गाळा चुकीच्या जागी घेतला की होतो. वरच्या मजल्यावरची खोली स्वस्त मिळते, पण गुडघेदुखीचा माणूस जिना चढून तुमच्याकडे येईल का? तळमजला, कमोड आणि एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटं, एवढं जमलं की वजन लावून मान-कंबर ताणायच्या मशिनीला पुढच्या वर्षी बघू. स्टँडचा आग्रह उगाच नाही. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट. गुडघे आणि कंबरवाले तुमचे बहुतेक पेशंट याच दोन रांगांत बसतात. उन्हाळ्यात लाईट गेली की मशीन बंद पडते. पलंग, रबरी पट्टे आणि तुमचे हात चालूच राहतात.

दहा सिटिंगचं पॅकेज आगाऊ विकायची शहरी पद्धत इथे चालत नाही. आधी पैसे मागितले की शंका येते. दर सिटिंगला पैसे घ्या, पण किती सिटिंग लागतील ते पहिल्याच दिवशी सांगा.

व्हिजिटमध्ये फी जास्त, पण वेळ खाते. बारा किलोमीटरवरच्या गावाला जाऊन-येऊन साधारण अर्धा लिटर पेट्रोल आणि दीड तास जातो. तेवढ्यात क्लिनिकमध्ये तीन पेशंट होतात. तरी लकवा झालेल्या माणसासाठी दुसरा इलाज नाही. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो, आणि नेमक्या त्याच काळात त्याला उचलून आणणं घरच्यांना जमत नाही. असे पेशंट गावाच्या हद्दीत असतील तर जरूर घ्या, लांबचे आठवड्यातून एकदाच घ्या आणि मधले दिवस सुनेला किंवा मुलाला शिकवून ठेवा. यात उधारी होते. ‘कापूस विकला की देतो’ म्हणणारा बहुधा देतो. वही मात्र ठेवा.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष सकाळी दवाखान्यात, संध्याकाळी गावातल्या गावात व्हिजिट. तुमचं नाव विचारत लोक येऊ लागले की मग गाळा. पेशंट पाठवून कट मागणारे भेटतील, त्यांना पहिल्याच दिवशी नाही म्हणा. एकदा दिला की तो कट शेवटी पेशंटच्याच फीमध्ये चढतो.

आणि गाळ्याचं उद्घाटन हौसेने अक्षय्य तृतीयेला करू नका. पुढे पंचेचाळीस अंशांचं ऊन, मग जूनमध्ये बियाणं-खत, लोकांच्या खिशात पैसा नसतो आणि तुमचं भाडं सुरू झालेलं असतं. दसऱ्याला करा. सोयाबीन निघालेलं असतं, संत्रा-कापसाचा पैसा येऊ घातलेला असतो, आणि कंबरा धरायलाही तेव्हाच सुरुवात होते.