मागे बसणारं मॉड्यूल की बिनन्यूट्रलचा टच स्विच?

घरातला साधा स्विच स्मार्ट करायचा ठरलं की बहुतेक लोक या दोन पर्यायांत अडकतात. एक म्हणजे जुना स्विच तसाच ठेवून त्याच्या मागे बॉक्समध्ये वायफाय मॉड्यूल (स्विचला मोबाईलशी जोडणारी छोटी डबी) बसवणं. त्याला बहुतेक वेळा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर लागते (करंट आणणारी ती फेज). दुसरा म्हणजे जुना स्विच काढून तिथे न्यूट्रल न लागणारा काचेचा टच स्विच लावणं. ॲप, टायमर, आवाजावर दिवा लावणं या बाबतीत दोघांत फारसं डावं-उजवं नाही. खरा निर्णय प्लेट उघडल्यावर होतो.

उघडण्याआधी एमसीबी (मेन बोर्डावरचा खटका) पाडा आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. एकाच बोर्डात महावितरणचा फेज आणि इन्व्हर्टरचा फेज शेजारी-शेजारी असू शकतात. एमसीबी पाडल्यावर पहिला मरतो, दुसरा जिवंत राहतो. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये पेटवून बघा, मगच बोर्डात घाला.

रंगांवर जाऊ नका. आपल्याकडे लाल, पिवळा, निळा हे तिन्ही फेजचे रंग, काळा न्यूट्रलचा आणि हिरवा अर्थिंगचा. परदेशी मॉड्यूलबरोबर येणाऱ्या कागदावर मात्र निळी वायर न्यूट्रल दाखवलेली असते. फ्लॅटला निळा फेज आलेला असेल आणि तुम्ही चित्र बघून जोडणी केलीत, तर घोटाळा ठरलेला. शिवाय वाशी-नेरूळच्या किंवा ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या घरांत दोन-तीन वायरमनचे हात फिरून गेलेले असतात. ज्याच्याकडे जो रंग उरला होता तो त्याने ओढला.

त्यापेक्षा स्क्रू बघा. स्विचच्या ज्या टर्मिनलमध्ये दोन वायरी एकत्र घुसल्यात, तो फेजचा लूप: एका स्विचवरून दुसऱ्यावर, तिथून पुढे सॉकेटच्या स्विचवर. ज्यात एकच वायर आहे ती दिव्याकडे गेलेली. लूपमधल्या शेवटच्या स्विचला मात्र दोन्हीकडे एकेकच वायर असते, तिथे टेस्टरशिवाय इलाज नाही. न्यूट्रल शोधायचा तर त्याच बोर्डावरचा तीन पिनचा सॉकेट गाठा. समोरून पाहिल्यावर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. प्लेट उलटी करून मागून बघाल तेव्हा हे डावं-उजवं बदलतं. इथे चुकणारे खूप.

मल्टिमीटरही फसवतो. स्विच बंद असताना फेज आणि दिव्याकडे जाणारी वायर यांच्यामध्येही २३० च्या आसपास आकडा दिसू शकतो, कारण मीटरला दिव्यातून वाट मिळते. ती वायर न्यूट्रल समजून जोडली की मॉड्यूल उघडझाप करत बसतं. होल्डरमधून बल्ब काढून पुन्हा मोजा. आकडा कोसळला तर ती दिव्याचीच वायर. अर्थिंगवर मात्र न्यूट्रलसारखाच आकडा येतो, म्हणून हिरव्या वायरीला चुकूनही न्यूट्रल करू नका. पुढे कुठे अर्थिंग तुटलं तर फ्रिजच्या पत्र्यात करंट येईल.

मॉड्यूल बसवताना खरी गोम एस-१ आणि एस-२ या टर्मिनलांत आहे. बऱ्याच मॉड्यूलमध्ये तिथे जुन्या स्विचच्या नुसत्या दोन वायरी लागतात, फेज चालत नाही. काहींत फेजच द्यावा लागतो. कागद वाचल्याशिवाय हात लावू नका. पहिल्या प्रकारात जुना स्विच लूपमधून पूर्ण बाहेर काढावा लागतो. त्यावरच्या फेजच्या दोन्ही वायरी आणि मॉड्यूलची एल (फेजची) वायर लिव्हरच्या एकाच कनेक्टरमध्ये घ्या, म्हणजे पुढचे स्विच मरणार नाहीत. लूप स्विचवर तसाच राहिला तर बटण दाबताक्षणी मॉड्यूल जळू शकतं. बाकी तक्रारी दोन: मॉड्यूलर प्लेटच्या मागे जागा कमी पडते, आणि पत्र्याच्या बॉक्समध्ये वायफायचा सिग्नल दबतो. सनमायकाच्या जुन्या बोर्डात या दोन्ही अडचणी नाहीत.

टच स्विच दिसायला छान, बसवायला सोपा. फेज आणि दिव्याची वायर जोडली की झालं. पण न्यूट्रल नसल्यामुळे तो स्वतः जिवंत राहण्यासाठी थोडा करंट दिव्यातूनच ओढतो. जुन्या पिवळ्या बल्बला ते कळतही नसे. ९ वॉटचा एलईडी मात्र बंद केल्यावरही अंधारात काजव्यासारखा मिणमिणतो, नाहीतर दर काही सेकंदांनी लुकलुकतो. बेडरूममध्ये हे असह्य आहे, आणि अर्ध्या वॉटच्या नाईट लॅम्पवर तर विचारूच नका. उपाय म्हणजे दिव्याला समांतर बायपास कपॅसिटर (हा थोडा करंट दिव्याच्या बाजूने वळवणारा छोटा भाग). तो बोर्डात नाही, छतापाशी लागतो. म्हणजे स्टूल आणा, पीओपीतला पॅनेल खाली ओढा आणि तिथली फेज-न्यूट्रलची जोडणी सोडवा. एवढं करायचंच असेल तर बिनन्यूट्रलचा फायदा तो काय राहिला? माझ्यापुरता कौल इथेच लागला. सॉकेट असलेल्या प्रत्येक बोर्डात मी मॉड्यूलच लावलं. टच स्विच एकच, पॅसेजमध्ये, जिथे तीन दिवे एकत्र जोडलेले असल्यामुळे मिणमिण जाणवत नाही.

ज्यांना काचेचं पॅनेलच हवं आहे त्यांना अडवणार नाही, पण पावसाळ्याचा विचार करा. घोडबंदर रोडला रात्री लाईट जाऊन दोनला परत आली, तर राउटर उठेपर्यंत ॲप हाताशी नसतं. मॉड्यूलपुढचा जुना स्विच तेव्हाही नेहमीसारखा चालतो. फक्त ‘लाईट आल्यावर काय’ ही सेटिंग ‘बंद’वर ठेवा, नाहीतर सगळं घर एकदम उजळेल.

बाथरूमबाहेरच्या बोर्डाचा मोह टाळा. तिथे गीझरचा न्यूट्रल हाताशी दिसतो, पण ते सर्किट वेगळं. गीझरचा एमसीबी डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) असेल तर तो पाडला की मॉड्यूलही बंद पडेल. आरसीसीबी (करंटची गळती दिसताच वीज तोडणारा खटका) वेगळा असेल तर तो ट्रिप होऊ शकतो. अशा ठिकाणी दिव्याच्या जंक्शनपासून दीड स्क्वेअर एमएमची काळी वायर पाइपमधून वायर ओढायच्या स्प्रिंगने बोर्डापर्यंत ओढून घ्या. पाइप बुजलेला असेल आणि वायर सरकत नसेल, तरच टच स्विच घ्या, आणि त्याच वेळी कपॅसिटरही मागून घ्या.