पॅन्गिया: ध्रुवीय मोहिमेच्या डेटासाठी चांगलं, पण सवडीचं घर

जहाज बंदराला लागलं की खरी हमाली सुरू होते: मोहिमेत जमवलेला डेटा नीट जपून ठेवायची. जर्मनीची ध्रुवीय संशोधन करणारी आल्फ्रेड वेगेनर संस्था आणि ब्रेमेनचं मारुम हे सागरी संशोधन केंद्र मिळून चालवत असलेलं पॅन्गिया हे ऑनलाइन डेटा-भांडार त्यासाठी उत्तम. प्रत्येक डेटासंचाला स्वतंत्र डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) मिळतो. २०१९-२० च्या मोझाइक या आर्क्टिक मोहिमेचा बराचसा डेटा इथेच आहे. रकाने संपादक स्वतः तपासतात, म्हणून वेळ लागतो. शोधनिबंध पाठवण्याच्या बऱ्याच आधी फाइल द्या.

घोळ होतो तो बहुधा वेळेत: जहाजावरची स्थानिक वेळ नव्हे, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहा. अक्षांश-रेखांश दशांशात, खोली मीटरमध्ये. हुकलेल्या नोंदीच्या जागी शून्य तर मुळीच नको, ध्रुवीय पाण्यात शून्य अंश हे खरंखुरं मोजमाप असतं! ती चौकट रिकामी सोडा. स्टेशन क्रमांक (नमुना घेतलेल्या थांब्याचा) जहाजाच्या यादीतलाच हवा, नाहीतर नमुना कुठला हेच जुळत नाही.