मायक्रोबिट घ्यावं का? आमचा सहा महिन्यांचा अनुभव

मुलगा सहावीत आहे, मागच्या सुट्टीत एका कोडिंग क्लासला घातला होता, भरपूर फी भरली आणि हाती काय तर सर्टिफिकेट. मग वैतागून बीबीसीचं मायक्रोबिट मागवलं, म्हणजे मुलांना कोडिंग शिकायचं छोटं कॉम्प्युटर बोर्ड, व्हर्जन 2. याचंच पहिलं व्हर्जन 2016 मधे ब्रिटनमधल्या सातवीच्या मुलांना फुकट वाटलं होतं. क्रेडिट कार्डापेक्षा लहान, त्यावर 25 एलईडी, ए आणि बी बटणं, हललेलं कळणारा सेन्सर, शिवाय माइक अन छोटा स्पीकर पण.

कोड मेककोड नावाच्या वेबसाइटवर करायचा, ब्राउजरमधेच, ठोकळे ओढून जोडायचे. पहिल्या तासातच चिरंजीवांनी बोर्डवर बदाम धडधडवला, मग पावलं मोजायचं यंत्र केलं आणि सॉक्समधे खुपसून जिने चढउतर. सगळ्यात भारी म्हणजे तुळशीच्या कुंडीत दोन खिळे रोवून, वायरी बोर्डाला लावून माती सुकली की चेहरा रडका होतो असं काहीतरी केलं, आजी जाम खूष, रोज सकाळी आधी तेच बघते.

आता त्रास सांगते. पहिले दोन दिवस कॉम्प्युटरला बोर्ड दिसेचना, शेवटी कळलं आमची केबल नुसती चार्जिंगची होती, डेटावाली लागते. आणि कव्हर वेगळं घ्या, बोर्ड उघडंच असतं.

विकत घ्यायच्या आधी मेककोडमधलं सिम्युलेटर (स्क्रीनवरच चालणारं नकली बोर्ड) फुकट वापरून बघा, पोराला त्यात गोडी वाटली तरच पैसे घाला. पाचपैकी साडेचार, अर्धा केबलमुळे कापला :)